कापसाच्या काट्यावर रस्ट : मजकुरातून संख्या काढणाऱ्या सोयींचे परीक्षण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकातून आत आलेली प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी; या दोन वजनांच्या वजाबाकीवर शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम ठरते. काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे आणि हिशेब संगणकावर होतो, परंतु काट्याकडून संगणकाकडे जे येते ती संख्या नसते. तो मजकूर असतो, अक्षरांची एक ओळ, आणि त्या ओळीतून खात्रीची संख्या काढणे हे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पहिले आणि सर्वांत जोखमीचे काम आहे. जिनिंग आणि खेडा खरेदीच्या हिशेबांची सॉफ्टवेअरे लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे बाकीचे गुण बाजूला ठेवून तिच्या याच एका अंगाचे, म्हणजे मजकूर वाचून त्याला योग्य टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, देण्याच्या सोयींचे, परीक्षण येथे करीत आहे. माझे मत आरंभीच सांगतो: ज्या हिशेबावर दुसऱ्याचे पैसे अवलंबून आहेत त्या हिशेबाच्या दारात बसवायला रस्ट ही उत्तम भाषा आहे, मात्र देवनागरी अंकांच्या बाबतीत तिने आपल्याला वाऱ्यावर सोडले आहे.

ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये वैयक्तिक प्रकल्प म्हणून आरंभलेली, पुढे फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या आश्रयाने वाढलेली आणि १५ मे २०१५ रोजी १.० आवृत्तीने स्थिरावलेली ही भाषा मोफत आहे आणि तिचा परवाना व्यावसायिक वापराच्या आड येत नाही. तिच्यात टाइपची शिस्त कडक आहे. मजकूर हा मजकूर राहतो, संख्या ही संख्या राहते, आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर आपोआप कधीही होत नाही. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘पार्स’ ही आज्ञा देऊनच करावे लागते आणि कोणत्या टाइपची संख्या हवी तेही सांगावे लागते.

या ‘पार्स’चे उत्तर संख्या नसते, हे तिचे खरे वैशिष्ट्य आहे. उत्तर म्हणून ‘रिझल्ट’ नावाची एक बंद वस्तू हातात येते, जिच्यात एक तर संख्या असते किंवा ती का मिळाली नाही याचे कारण असते, आणि ती उघडून दोन्ही शक्यतांचा विचार केल्याशिवाय आतली संख्या वापरताच येत नाही. याचे मोल समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. काट्यावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याने ट्रकचे वजन आपल्या सवयीप्रमाणे स्वल्पविराम देऊन, इंग्रजी अंकांत, १२,४५० असे टाइप केले, असे समजा. जावास्क्रिप्टमधील ‘पार्सइन्ट’ या मजकुराचे उत्तर १२ असे देते, कारण स्वल्पविरामापर्यंतचे अंक घेऊन ते पुढचे सगळे सोडून देते. सी भाषेतील ‘एटीओआय’ही १२ च देते, आणि मजकुरात आरंभी अंकच नसेल तर शून्य देते. साडेबारा टनांच्या आसपासचा ट्रक बारा किलोंचा होतो आणि कोणीही तक्रार करीत नाही. त्याहून वाईट म्हणजे रिकाम्या वजनाच्या जागी शून्य पडले तर गाडीचे वजनही कापसाच्या भावाने मोजले जाते. रस्ट याच मजकुराला स्पष्ट नकार देते आणि ‘मजकुरात अवैध अंक आहे’ असे कारण सांगते. रिकामा मजकूर, अवैध अंक, टाइपच्या मर्यादेपेक्षा मोठी संख्या आणि मर्यादेपेक्षा लहान संख्या ही कारणे वेगवेगळी ओळखता येतात, त्यामुळे कर्मचाऱ्याला दाखवायचा मराठी संदेशही प्रत्येक कारणासाठी वेगळा लिहिता येतो. १.५५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ही ओळख पटवण्याची अधिकृत सोय आहे.

ओळ वाचणारी ‘रीड लाइन’ ही सोय मात्र नवख्या माणसाला दोन-तीन ठिकाणी अडवते. ती ओळीच्या शेवटचे नवओळीचे चिन्ह काढून टाकत नाही, विंडोजवर त्याच्या आधीचे दुसरे चिन्हही तसेच ठेवते, आणि ‘पार्स’ तर मागेपुढे एखादी मोकळी जागासुद्धा खपवून घेत नाही. म्हणून दोहोंच्या मध्ये मागेपुढची अशी चिन्हे काढणारी ‘ट्रिम’ लावणे भागच आहे. शिवाय ही सोय आधीच्या मजकुराला पुसत नाही, त्याच्यापुढे नवा मजकूर जोडते. पहिल्या गाडीचे वजन वाचून झाल्यावर तोच साठा रिकामा न करता दुसऱ्या गाडीसाठी वापरला तर दोन्ही वजने एकाखाली एक येतात आणि ‘पार्स’ फसते. येथेही समाधानाची गोष्ट ही की ती फसते, दोन वजने चिकटवून तिसरेच वजन तयार करीत नाही. तिसरी अडचण अधिक फसवी आहे. मजकूर संपला की ‘रीड लाइन’ चूक म्हणून काही सांगत नाही, शून्य बाइट वाचले असे सांगते; जो प्रोग्रॅम ‘चुकीचे वजन, पुन्हा टाका’ असे म्हणत फेऱ्या मारतो, त्याला कीबोर्डऐवजी फाइल दिली तर फाइल संपल्यावर तो तेच वाक्य न थांबता छापत राहतो. शून्य आले की थांबायचे, ही अट आरंभीच घालावी. ‘लाइन्स’ ही दुसरी सोय वापरली तर नवओळीची दोन्ही चिन्हे आपोआप निघतात आणि मजकूर संपला की फेऱ्याही थांबतात, त्यामुळे फाइल वाचायची असेल तर मी तीच घ्यायला सांगेन.

काट्याचा दर्शक, म्हणजे वजन दाखवणारी पेटी, संगणकाला जोडलेला असतो तेथे प्रकरण आणखी सूक्ष्म होते. ही जोडणी ज्यातून होते तो सिरियल पोर्ट वाचण्याची सोय रस्टच्या मूळ संचात, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या सोयींत, नाही, त्यासाठी वेगळे क्रेट, म्हणजे जोडसंच, घ्यावे लागते. एका जिनिंगमधील काट्याचा दर्शक वजनाच्या ओळीच्या आधी आणि नंतर नियंत्रण-चिन्हे पाठवीत असे. पडद्यावर ओळ छापली की अधिक चिन्ह, दोन शून्ये आणि पुढे १२४० एवढेच दिसे, आणि तरीही ‘पार्स’ अवैध अंक असल्याचे सांगे. अधिक चिन्ह आणि आरंभीची शून्ये यांना रस्टची हरकत नसते. हरकत होती ती न दिसणाऱ्या चिन्हाला. ‘ट्रिम’ फक्त युनिकोडने, म्हणजे सर्व लिपींच्या चिन्हांना संकेतांक देणाऱ्या मानकाने, मोकळी जागा म्हणून मान्य केलेली चिन्हे काढते, आणि मजकूर-आरंभाचे नियंत्रण-चिन्ह त्या यादीत नाही. काही प्रोग्रॅम फाइलच्या आरंभी जे अदृश्य बाइट-क्रम चिन्ह ठेवतात तेही त्या यादीत नाही. अशा वेळी मजकूर नेहमीच्या पद्धतीने न छापता ‘डिबग’ पद्धतीने छापला की ती चिन्हे त्यांच्या संकेतांकासह उघडी पडतात. कारण न कळता दिवस घालवणाऱ्या प्रत्येकाने ही एक युक्ती लक्षात ठेवावी.

यापुढची पायरी मला या भाषेतील सर्वांत मोलाची वाटते. वजन वाचून झाल्यावर ते नुसती संख्या म्हणून पुढे पाठवण्याची गरज नाही. ‘किलो’ नावाचा स्वतःचा टाइप करता येतो, ‘पैसे’ नावाचा दुसरा करता येतो, आणि मजकुरातून टाइप कसा घडवायचा हे सांगणारा ‘फ्रॉमस्ट्र’ हा करार पाळला की ‘पार्स’ हीच आज्ञा आपल्या टाइपसाठीही चालू लागते. कोणते वजन ग्राह्य आणि कोणते अग्राह्य याचे सगळे नियम त्या एका ठिकाणी लिहायचे. त्यानंतर प्रोग्रॅमच्या ज्या भागाला ‘किलो’ मिळतात त्याला ते तपासलेले आहेत याची हमी असते, आणि किलोच्या जागी पैसे देण्याचा प्रयत्न केला तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करतानाही सावधपणा लागतो. दोन्ही वजने ऋण नसलेल्या ३२-बिट टाइपची असली आणि काट्यावर त्यांची अदलाबदल झाली, तर तपासणीच्या बांधणीत, म्हणजे चाचणीसाठी तयार केलेल्या रूपात, प्रोग्रॅम थांबतो, पण ग्राहकाला द्यायच्या अंतिम बांधणीत मूळ रचनेनुसार तो थांबत नाही आणि चार अब्जांच्या घरातले निव्वळ वजन दाखवतो. ‘चेक्ड सब’ ही वजाबाकी वापरली तर उत्तर नाही असे स्पष्ट कळते. माझ्या मते पैशांच्या हिशेबात याखेरीज दुसरी वजाबाकी वापरूच नये.

आता तक्रारीकडे येतो. १.५३ आवृत्तीपासून रस्टमध्ये चलांची, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या जागांची, आणि टाइपची नावे देवनागरीत लिहिता येतात. ‘किलो’, ‘निव्वळ_वजन’, ‘हमाली’ ही नावे प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी चालतात आणि सहकाऱ्यांना वाचायला सोपी जातात. परंतु ज्या भाषेत चलाला ‘वजन’ हे नाव देता येते, त्याच भाषेत त्या चलासाठी देवनागरी अंकांत लिहिलेले १२ वाचता येत नाही. ‘पार्स’ केवळ इंग्रजी अंक ओळखते. देवनागरी अंक दिले की अवैध अंक म्हणून परत करते. गंमत अशी नव्हे, खंत अशी, की हेच चिन्ह संख्यावाचक आहे का असे ‘इज न्यूमेरिक’ या सोयीला विचारले तर ती होकार देते, म्हणून आधी तिच्याकडून तपासून मग ‘पार्स’कडे पाठवणारा माणूस फसतो. पायथन आणि जावा या दोन्ही भाषांतील पूर्णांक वाचणाऱ्या नेहमीच्या सोयी देवनागरी अंक बिनतक्रार वाचतात. रस्टच्या धोरणामागे वेग आणि निश्चितता यांचा विचार असावा हे मी समजू शकतो, आणि कोणत्याही लिपीतील अंक न सांगता स्वीकारणे धोक्याचे ठरू शकते हेही मान्य आहे. पण मागितल्यावर तरी देवनागरी अंक वाचणारी एखादी सोय मूळ संचात असायला हवी होती. आपल्याकडे मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावून लिहिणारे असंख्य लोक आहेत आणि त्यांनी आपल्या अंकांत लिहू नये असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही सॉफ्टवेअरला नाही.

उपाय अवघड नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ हे अंक एकापाठोपाठ एक ठेवलेले आहेत, त्यामुळे मजकुरातील प्रत्येक चिन्ह त्या पट्ट्यात येते का ते पाहायचे, येत असेल तर त्यातून देवनागरी शून्याचा संकेतांक वजा करून मिळालेला अंक इंग्रजी चिन्हात लिहायचा, आणि बाकीची चिन्हे जशी आहेत तशी जाऊ द्यायची. चार-पाच ओळींचे हे काम ‘किलो’ टाइपच्या ‘फ्रॉमस्ट्र’मध्ये एकदा बसवले की पुन्हा त्याकडे पाहावे लागत नाही.

खेडा खरेदीत हे रोज लागते. गावात बसून कापूस घेणारा माणूस संध्याकाळी ‘कापूस १२ क्विंटल ४० किलो, दर ७२५०’ असा संदेश पाठवतो, दर क्विंटलचा असतो, आणि त्यातून १२४० किलो आणि ८९,९०० रुपये हे आकडे निघायला हवेत. मोकळ्या जागांवर तुकडे करणे, स्वल्पविराम काढणे, अंक बदलणे आणि ‘क्विंटल’ व ‘किलो’ या शब्दांच्या आधीचे आकडे घेणे ही सगळी कामे रस्टच्या मूळ संचातील सोयींनी नीट होतात. पण हाच माणूस कधी ‘१२.४ क्विंटल’ असे लिहितो आणि त्याचा अर्थ दशांशाने १२ क्विंटल ४० किलो घ्यायचा की त्याच्या मनात १२ क्विंटल ४ किलो आहेत, हे कोणताही टाइप सांगू शकत नाही. दोहोंत ३६ किलोंचा फरक आहे आणि वरच्या दराने तो २,६१० रुपयांचा होतो. कडक टाइपची भाषा येथे निर्णय देत नाही, निर्णय घ्यायची जागा देते. मी त्या जागी असा नियम ठेवतो की क्विंटलच्या आकड्यात टिंब असेल तर दोन दशांश स्थळे पूर्ण लिहिलेलीच हवीत, नाहीतर संदेश परत करून विचारायचे. हा नियम ‘किलो’ टाइपच्या दारातच असल्यामुळे पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद, तयार करणारा, साठा मोजणारा आणि वर्षाअखेरीस हिशेब जुळवणारा अशा कोणत्याही भागाला त्याची पुन्हा काळजी करावी लागत नाही.

दर वाचण्यासाठी दशांशाचा ‘एफ ६४’ हा टाइप घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. बहुतेक दशांशी अपूर्णांक त्यात तंतोतंत मावत नाहीत हे सर्वज्ञात आहे. त्याखेरीज वाचनाच्या दृष्टीनेही तो सैल आहे. ‘पार्स’ या टाइपसाठी इंग्रजीत लिहिलेला ‘इन्फिनिटी’ हा शब्द अनंत म्हणून आणि ‘एनएएन’ ही अक्षरे ‘संख्या नाही’ या विशेष मूल्याच्या रूपाने, दोन्ही यशस्वी उत्तरे म्हणून, स्वीकारते. दर शून्यापेक्षा कमी आहे का, या प्रश्नाला ते विशेष मूल्य ‘नाही’ असे उत्तर देते, ठरावीक कमाल दरापेक्षा जास्त आहे का, यालाही ‘नाही’ असेच, आणि दोन्ही तपासण्या ओलांडून ते पट्टीवर पोहोचते. पूर्णांक वाचताना इतका काटेकोर असणारा संच अपूर्णांक वाचताना इतका उदार का, हे मला पटलेले नाही. रुपये आणि पैसे वेगळे वाचून सगळी रक्कम पैशांच्या पूर्णांकात ठेवावी, किंवा दशांश संख्या तंतोतंत ठेवणारे ‘रस्ट डेसिमल’ हे क्रेट वापरावे.

शेतकऱ्यांची आणि गावांची नावे वाचतानाही एक जागा जपून ओलांडावी लागते. जुनी सॉफ्टवेअरे जी ठरावीक रुंदीच्या रकान्यांची यादी काढून देतात, तिच्यातून पहिली वीस स्थाने नाव म्हणून कापायची सवय अनेकांना असते. रस्टमध्ये मजकुराची स्थाने बाइटमध्ये मोजली जातात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते; ‘रावेर’ हा तीन अक्षरी दिसणारा शब्द पाच चिन्हांचा आणि पंधरा बाइटचा आहे. विसाव्या बाइटवर कापायला गेले आणि ते स्थान एखाद्या चिन्हाच्या मध्ये आले तर प्रोग्रॅम तेथेच बंद पडतो. ‘गेट’ वापरून कापले तर तो बंद न पडता उत्तर नाही असे सांगतो. कापलेले अर्धे चिन्ह नाव म्हणून छापण्यापेक्षा दोन्ही परिणाम चांगले आहेत, पण याद्यांसाठी रुंदीऐवजी विभाजक चिन्हावर अवलंबून राहणे हाच खरा मार्ग.

अशा याद्यांसाठी, म्हणजे स्वल्पविरामासारख्या चिन्हाने रकाने वेगळे केलेल्या फाइल वाचण्यासाठी, अँड्र्यू गॅलंट यांचे ‘सीएसव्ही’ क्रेट मी मनापासून सुचवतो. मूळ संचातील ‘पार्स’ची एक उणीव ते भरून काढते. संख्या वाचता आली नाही हे मूळ चूक-संदेश सांगतो, पण कोणता मजकूर वाचता आला नाही आणि तो कोठे होता हे सांगत नाही, आणि हजारो ओळींच्या यादीत एवढ्या माहितीवर काहीही सापडत नाही. ‘सीएसव्ही’ आणि मजकुराचे टाइपमध्ये रूपांतर करणारे ‘सर्डे’ ही क्रेट एकत्र वापरली तर प्रत्येक ओळ थेट आपल्या टाइपच्या नोंदीत उतरते, आणि फसली तर ओळ क्रमांक आणि रकाना यांसह कारण मिळते. एखाद्या ओळीत रकाने कमी-जास्त असतील तर तीही चूक म्हणूनच कळवली जाते, कारण सैलपणा मागितल्याशिवाय मिळत नाही. मूळ रचनेनुसार रकान्यांतील मोकळ्या जागा मात्र ते काढत नाही. तो पर्याय स्वतः सुरू करावा. मजकूर वाचण्याची ‘नॉम’सारखी मोठी साधनेही आहेत, परंतु काट्याच्या आणि खरेदीच्या मजकुरासाठी त्यांची गरज पडत नाही.

शिकण्याचे कष्ट लपवण्यात अर्थ नाही. फाइल न उघडणे ही एका टाइपची चूक आणि अंक न वाचणे ही दुसऱ्या टाइपची चूक, आणि दोन्ही एका फंक्शनमधून परत करायच्या तर त्यांना एकत्र बांधणारा तिसरा टाइप करावा लागतो. डेव्हिड टोलने यांची ‘एनीहाऊ’ आणि ‘धिसएरर’ ही क्रेट हे काम हलके करतात. नवखे विद्यार्थी कंटाळून सगळीकडे ‘अनरॅप’ लावतात, ज्याचा अर्थ चूक आली की प्रोग्रॅम बंद असा होतो. सरावाच्या प्रोग्रॅममध्ये ते चालेल, पण काट्यासमोर गाड्यांची रांग लागलेली असताना एका स्वल्पविरामापायी प्रोग्रॅम बंद पडणे हे शेतकऱ्याचा वेळ वाया घालवणे आहे. महाविद्यालयांतून रस्ट शिकवणाऱ्यांनी पहिल्या पाठापासून ‘मॅच’ लावून दोन्ही शक्यता हाताळायला शिकवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रत्यक्ष बसवणीत एक अडथळा उरतो. विंडोजवर रस्टची नेहमीची बांधणी करायची तर मायक्रोसॉफ्टची सी++ बांधणी-साधने आधी उतरवून घ्यावी लागतात आणि ती जड आहेत, तालुक्याच्या गावी त्यासाठी चांगली इंटरनेट जोडणी शोधावी लागते. तयार झालेला प्रोग्रॅम एकच फाइल असतो आणि तो पेन ड्राइव्हवरून नेता येतो, हे सोयीचे आहे. परंतु मे २०२४ मध्ये आलेल्या १.७८ आवृत्तीपासून नेहमीच्या बांधणीला किमान विंडोज १० लागते, आणि काट्याच्या खोलीत विंडोज ७ चा संगणक अजूनही भेटतो. तेथे मी जुनी आवृत्ती वापरण्यापेक्षा काट्याचा जुना प्रोग्रॅम तसाच ठेवून त्याला फक्त मजकुराची फाइल लिहू देतो, आणि ती फाइल वाचून तपासण्याचे काम कार्यालयातील नव्या संगणकावर रस्टकडे देतो. अग्राह्य ठरलेली ओळ पट्टी तयार होण्याआधी दिवाणजींच्या पडद्यावर येते, आणि गाडी अजून आवारात असल्यामुळे वजन पुन्हा करता येते.